बदकासाठी म्हटलेलं गाणं

वॅली हेक्टबरोबर कॉफी प्यायला जायचं, तर ज्यूकबॉक्सजवळ कोण बसलंय ते आधी बघून घ्यावं लागतं. नव्या प्रेमातलं जोडपं दिसलं की मी तिला दंडाला धरून सरळ पुढच्या दुकानाकडे वळवते. कारण ते जोडपं हमखास व्हिन्स डारोचं 'आज नको जाऊस' लावणार. व्हायोलिनं गळा काढणार, मुलगी मुलाच्या खांद्यावर डोकं टेकणार, आणि वॅली कपातला चमचा थांबवून, त्यांच्याकडे वळून, लोण्यासारख्या आवाजात सांगणार, "बाळांनो, हे गाणं बदकाला उद्देशून आहे बरं का."

मुलगी डोकं उचलते. मुलगा म्हणतो, "काय?"

"बदक. कांदा घालून भाजायचं."

एव्हाना मी कोट चढवलेला असतो.

आता वॅली खोटं बोलत नाही, ही साक्ष मी देवासमोर द्यायला तयार आहे. ते बदक दर रविवारी माझ्या न्हाणीघरातल्या टबात मुक्कामाला असायचं.

माझे यजमान कॉन नाटकाचं सामान सांभाळतात. खुर्च्या, दिवे, खोटी फळं, आणि वेळ आली तर खरी जनावरं. आमची वस्तीच पडद्यामागच्या लोकांची. टाळ्या दोन गल्ल्या पलीकडे वाजतात. त्यांच्यासाठी लागणारे इस्त्रीचे झगे आणि रंगवलेले दरवाजे आमच्या जिन्यांवरून खाली उतरतात. लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा 'खाडीकाठची खानावळ' नावाचं संगीत नाटक आलं. त्यात वॅली होती. तेव्हा ती व्हॅलेरी वेन या नावाने काम करायची. वॉलबर्गा हेक्ट हे नाव थिएटरच्या पाटीवर मावायचं नाही म्हणे. मी तिला म्हटलं होतं, संतिणीचं नाव टाकून तू फार काही मिळवणार नाहीस. पाटीवर तिचं नाव काही चढलं नाहीच. नाटकाच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, वाद्यवृंदाच्या वर एक ओळ मिळाली.

काम खानावळीतल्या स्वयंपाकिणीचं होतं. यायचं, काहीतरी करपवायचं, आत जायचं. पण पहिल्या अंकाच्या शेवटी एक गाणं होतं. उद्या मेजवानी आहे, आणि पोसलेलं बदक खोक्यातून सुटून दाराकडे निघालंय. स्वयंपाकीण एकटी, गुडघा दुखरा, मागे धावता येत नाही. मग ती त्याला गाण्याने थोपवते.

उन्हाळाभर मका दिला मूठमूठ तुला,
उद्या बारा पाहुणे यायचेत जेवायला,
कांदा चिरून ठेवलाय, भट्टी पेटलीय छान,
आणि तुझी दाराकडे वळली कशी मान?

एवढं झालं की मग सगळ्या देशाला पाठ असलेलं ते सुरू होतं:

आज नको जाऊस,
बाहेर गार वारा,
माझ्या चुलीपाशी
आहे ऊब-निवारा.
एवढी रात्र थांब रे,
एवढंच ऐक ना,
उद्याचं उद्या पाहू,
आज नको जाऊस ना.

आमच्याकडच्या नाटकांतली गाणी अशीच बांधलेली असतात. कोण, कोणाला, का म्हणतंय हे सुरुवातीच्या ओळींत येतं आणि मग गाण्याचं मुख्य अंग. रेकॉर्डवर गाणारे प्रसिद्ध गायक त्या सुरुवातीच्या ओळी बाहेरच ठेवतात आणि थेट घरात घुसतात. दुसऱ्या वर्षी व्हिन्स डारोने तेच केलं. बदक गेलं, बारा पाहुणे गेले, कांदाही गेला. राहिली ऊब. चाल गोगलगायीची केली, मागे तीसेक व्हायोलिनं उभी केली, आणि 'उद्याचं उद्या पाहू' असं काही म्हटलं की आमच्या चर्चमध्ये त्या वर्षी पापकबुलीच्या खोलीपुढची रांग वाढली असावी.

वॅलीची रेकॉर्ड त्याच्या आधीची. नाटक लागलं की पुढच्या पहिल्या रविवारी नटमंडळींनी त्याची रेकॉर्ड करायची, ही इथली रीतच आहे. रविवारी थिएटरं बंद, म्हणून सगळे मोकळे. देवाने विश्रांतीचा दिवस दिला आणि कंपन्यांनी त्याला हा उपयोग शोधला. तर त्या रविवारी मी चर्चमधली पहाटेची मिस्सा ऐकून येते, तो कॉन टबातून बदकाला बाहेर काढतोय. त्याच्या चालीवरून कॉनने त्याचं नाव 'बिशप' ठेवलं होतं. मी म्हटलं, माझ्या घरात हे चालणार नाही. तेव्हापासून आम्ही त्याला 'मिस्टर' म्हणू लागलो.

"मिस्टरला कुठे नेताय?"

"गाण्याला. वॅलीला समोर बदक नसलं की गाता येत नाही. वाणसामानाची यादी वाचल्यासारखं म्हणते."

मिस्टर गेला, समोर बसला, आणि शेवटच्या 'नको जाऊस'नंतर एकदा मोठ्याने ओरडला. पुन्हा करायला सवड नव्हती. वादकांची वेळ संपत आली होती आणि नायिकेची दोन गाणी राहिली होती. कंपनीचा माणूस म्हणाला, "राहू दे, लोक ट्रोम्बोन समजतील." ज्या थोड्या लोकांनी ती रेकॉर्ड घेतली, ते अजून ट्रोम्बोनच समजतात.

नाटक ईस्टरपर्यंतसुद्धा टिकलं नाही. वर्तमानपत्रांनी बदकाची तेवढी तारीफ केली. मिस्टर लाँग आयलंडला शेतावर परत गेला असं कॉनने वॅलीला सांगितलं. मला त्याने काय सांगितलं? काहीच नाही. मीही विचारलं नाही.

त्याच वसंतात टिली आली. वॅलीचा भाऊ एमिल जहाजावर आचारी. त्याची बायको वारली आणि सहा वर्षांची ऑटिली आत्याच्या दारात उभी राहिली. काखेत बाहुली, हातात घशाच्या औषधाची बाटली. वॅलीला तेव्हाच एका फिरत्या नाटक कंपनीचं बोलावणं होतं. चांगलं मोठं काम होतं, गावोगाव वर्षभराचा दौरा. तिने नाही कळवलं. "आगगाडीच्या डब्यात पोरीचा घसा कसा बरा व्हायचा?" एवढंच म्हणाली, आणि थिएटरात नट्यांना कपडे चढवून द्यायच्या कामाला लागली. आजही तेच करते. तोंडात टाचण्या, खांद्यावर कोणाचा तरी झगा.

त्या दौऱ्याचं ती कधी बोलून दाखवत नाही. बोलते ती बदकाबद्दल.

टिली औषध घ्यायला त्रास द्यायची. मग वॅली चमचा भरून स्वयंपाकघरात उभी राहायची आणि गाणं सुरू करायची. टिली व्हायची बदक. टाचा बाहेर काढून, ढुंगण हलवत दाराकडे निघायची, 'एवढंच ऐक ना'ला मान वळवायची, आणि शेवटी मिस्टरच्या जागी मोठ्याने ओरडायची. तोंड उघडलं की औषध आत. वॅली आमच्याच इमारतीत वर राहते, मधल्या हवेच्या पोकळीतून मला सगळं ऐकू यायचं, आणि माझ्या ताटावरची मुलंसुद्धा उठून बदकासारखी चालू लागायची.

ती टिली मोठी झाली आणि नवव्या अव्हेन्यूवरच्या ट्रापानींच्या मुलाच्या, सिल्विओच्या, प्रेमात पडली. ट्रापानींचं दुकान कशाचं? कोंबड्या, टर्की आणि बदकांचं. पिंजऱ्यातून बोट दाखवायचं आणि मागच्या दाराने पुडकं घ्यायचं. आता वाचणाऱ्याने हसून घ्यावं. आमची अख्खी गल्ली महिनाभर हसली.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी सोडा ब्रेड घेऊन वॅलीकडे गेले होते. टिली लग्नाचा झगा घालून स्टुलावर उभी होती, वॅली त्याची खालची कड शिवत होती.

"आत्या, पहिला नाच कशावर ते ठरवलं आम्ही. 'आज नको जाऊस'वर."

वॅलीच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या. "खरंच? अगं मग ऑझीला सांगायला हवं! तोच होता पियानोवर तेव्हा. मी निळा ड्रेस घालीन. नको, करडा. आवाज जरा तापवायला लागेल, पण..."

"आत्या," टिली खाली बघत म्हणाली, "रेकॉर्ड लावणार आहोत."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? डारोची."

"माझी आहे की घरात."

"तुझ्यात बदक ओरडतं गं!"

"एकदाच ओरडतं," वॅली म्हणाली.

मी ब्रेड कापायला घेतला. अशा वेळी हाताला काम असलेलं बरं.

"तू समजून घे ना," टिली स्टुलावरून उतरली. "सिल्विओचे वडील गेल्यापासून त्याची आई हे गाणं लागलं की डोळे पुसते. त्यांचं गाणं होतं ते. आणि त्या तशा कडक आहेत. मी चाललेय बदकं विकणाऱ्यांच्या घरी, आणि आपल्या बाजूची बाई सगळ्यांपुढे उठून म्हणणार, कांदा चिरलाय, भट्टी पेटलीय! त्यांना वाटेल तोंडावर थट्टा केली."

"आपल्या बाजूची बाई," वॅली म्हणाली.

"आत्या, तसं नाही गं..."

"नाही, बरोबर आहे. डारो लावा. चांगला गातो. श्वास जरा जास्त घेतो."

टिली गेल्यावर वॅली गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचू लागली. मी म्हटलं, "तू लग्नात काय, मिस्सामध्येसुद्धा बदक आणशील, अशी भीती वाटते पोरीला. तुझीच करणी आहे. सांगितलं होतं कोणी, कॉफीच्या दुकानात लोकांच्या प्रेमात बदकं सोडायला?"

हसली नाही. म्हणाली, "डिम्फी, मला नाव नको, पाटी नको. एकदा आपल्या माणसांसमोर माझं गाणं मला म्हणायचं होतं. तेही त्या पोरीच्या लग्नात. दुसरं कुठे म्हणणार मी? कपडेपटात?"

मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर मी टिलीला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं.

"हे बघ, आत्या म्हणेल. पण डारोसारखं. हळू. सुरुवातीच्या ओळी नाहीत. बदकाचा ब नाही."

"ती ऐकेल?"

"मी शपथ घ्यायला लावते."

टिलीने ओठ चावला. आत्याला दुखावून तिलाही झोप लागली नव्हती, डोळ्यांवरून दिसत होतं. "पण मिसेस डिम्फ्ना, तिने एकदा जरी 'मका' म्हटलं ना, तर मी त्या घरात तोंड कसं दाखवणार?"

"मका येणार नाही," मी म्हटलं. दुसऱ्याच्या वतीने वचन देणं फार सोपं असतं.

वॅलीने सेंट वॉलबर्गाची शपथ घेतली, हात वर करून, थोडी जास्तच गंभीरपणे. आणि तालीम सुरू झाली. पोकळीतून रोज दुपारी यायचं, 'आज... नको...' आणि मग भांडं आपटल्याचा आवाज.

"काय झालं गं?" मी खिडकीतून वर ओरडायची.

"जमत नाही! हा माणूस एका 'थांब'वर जेवढा वेळ घालवतो, तेवढ्यात मी बदक पकडून, सोलून, भट्टीत घातलं असतं!"

"बदक नाही म्हणायचं!"

"म्हणत नाहीये! मनात येतंय!"

मी सेंट सिसिलियाची नऊ दिवसांची प्रार्थना धरली. ती गाणाऱ्यांची. कॉन पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "तिला बदकांचा अनुभव आहे का, विचारून घे." काही नवऱ्यांच्या वाट्याची जपमाळ त्यांच्या बायकांनाच ओढावी लागते.

शेवटच्या आठवड्यात मात्र गाणं गळ्यात बसलं. हळू, गोड, स्वच्छ. ऐकायला छान होतं. खरं सांगायचं तर कोणीही म्हटलं असतं तसं होतं.

लग्न एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी. बाकीचं शहर शनिवारी लग्नं लावतं. आमच्याकडे शनिवारी नाटकाचे दोन खेळ असतात, तेव्हा नवरा, वऱ्हाड आणि बँड, सगळेच कामावर. चर्चखालच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. एका बाजूला आमचे हॅमचे सँडविच आणि वॅलीच्या घरच्या पद्धतीचं बटाट्याचं सॅलड, दुसऱ्या बाजूला ट्रापानींचा भाजलेला झिटी पास्ता आणि बिस्किटांचा मनोरा. मधोमध मिसेस ट्रापानी काळ्या पोशाखात, पाठ ताठ. समोरच्या माणसाचं वजन डोळ्यांनीच करावं अशी त्यांची नजर. मला नमस्कार केला तेव्हा मी पोट आत घेतलं.

ऑझी पर्लमटर पियानोवर होता. तोही म्हातारा झालाय आता. रविवारी लग्नं वाजवतो आणि दर लग्नात डारोच्या चालीने 'आज नको जाऊस' वाजवतो, झोपेतही वाजवेल. त्याला वॅलीने चारदा बजावलं होतं: थेट मुख्य अंग, संथ. तो म्हणाला होता, "वॅली, मी काय आज धंद्यात आलोय?"

टिली आणि सिल्विओ मधोमध येऊन उभे राहिले. झगा इतका पांढरा होता की हॉलमधले दिवे मळके वाटायला लागले. वॅली करड्या ड्रेसमध्ये पियानोपाशी गेली, त्याच्या कडेवर हात ठेवला, आणि समोरच्या जमिनीकडे बघितलं. भीती वाटली की ती खाली बघते.

आता नाटकातल्या वादकांची एक सवय सांगायला हवी. नट तयार होईपर्यंत ते एक छोटी सुरावट फिरवत बसतात, पुन्हा पुन्हा, नटाने तोंड उघडेपर्यंत. ऑझीने वर बघितलं. वॅली, तशीच उभी, तसाच हात, तशीच खाली नजर. आणि त्याच्या बोटांनी त्याला न विचारता तीच जुनी सुरावट सुरू केली. टुणटुण, टुणटुण, बदकाच्या चालीची. ती सुरावट जाते सुरुवातीच्या ओळींकडे. दुसरीकडे कुठे ती जातच नाही.

माझ्या शेजारी कॉनने ग्लास खाली ठेवला. "अगं देवा," तो म्हणाला, "हे तर मिस्टरचं."

सुरावट एकदा फिरली. दुसऱ्यांदा फिरली. आणि वॅलीने सुरुवात केली, कारण तशी सुरावट दोनदा फिरली की सुरुवात करायची असते.

"उन्हाळाभर मका दिला मूठमूठ तुला..."

मी डोळे मिटले. सेंट सिसिलियाला जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या ओळीला हॉल गप्प झाला. तिसऱ्या ओळीत, 'कांदा'वर, वॅलीला कळलं. तिचा गळा कॉलरपासून वर लाल होत गेला. पण नाटकातली माणसं थांबत नाहीत. मागची भिंत पडली तरी थांबत नाहीत. ऑझीलाही कळलं होतं, त्याची मान कॉलरमध्ये बुडाली होती, पण बोटं चालूच. मिसेस ट्रापानींचा काटा हवेत थांबला. आणि मधोमध टिली, तिच्या झग्याइतकीच पांढरी.

"...आणि तुझी दाराकडे वळली कशी मान?"

ही ओळ म्हणताना वॅलीने जमिनीवरून नजर उचलली. समोर दुसरं कोणी नव्हतं, टिलीच होती. आणि टिलीने खरंच मान वळवली होती, सासूकडे बघायला.

मग मुख्य अंग आलं. ते डारोचं नव्हतं आणि त्या जुन्या रेकॉर्डवरचंही नव्हतं. चाल जुनीच होती, झपझप, पण आवाज जरासा मागे रेंगाळत होता, हात धरून ठेवल्यासारखा. 'बाहेर गार वारा' म्हणताना तिने नकळत उजवा हात पुढे केला, चमचा धरल्यासारखा. हॉलमध्ये तो चमचा आम्हा दोघी-तिघींनाच दिसला असेल.

टिलीलाही दिसला.

तिने सिल्विओचा हात सोडला. आम्हाला वाटलं, आता ही रडत बाहेर जाणार. ती निघालीही, दाराकडे. पण दोन पावलं टाकल्यावर तिच्या टाचा बाहेर वळल्या. एवढा मोठा पांढरा झगा, मागे फुगलेला. तो डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे हलू लागला. 'एवढंच ऐक ना'ला तिने खांद्यावरून मान वळवली, अगदी मिस्टरसारखी, एका डोळ्याने. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. 'उद्याचं उद्या पाहू'ला, आता ते उद्या काय आहे हे सगळ्यांना माहीत असल्याने, हॉलच्या त्या टोकाला ट्रापानींचा मामा टेबलावर थापा मारायला लागला. आणि शेवटच्या 'नको जाऊस ना'नंतर, जिथे मिस्टर ओरडला होता, बरोबर तिथे, माझ्या हाताखाली मोठी झालेली, कॉन्व्हेंटात शिकलेली नवरी मुलगी घसा फोडून ओरडली.

औषध काही नव्हतं. वॅलीचा हात तसाच पुढे राहिला होता. टिली आली आणि त्या हाताखालून आत शिरली.

टाळ्या मी थिएटरात पुष्कळ ऐकल्यात. या तशा नव्हत्या; यांत भांडी होती.

मग मिसेस ट्रापानी उठल्या. टेबलांमधून वाट काढत त्या पियानोपाशी आल्या. टिलीने आत्याचा दंड घट्ट धरला.

"म्हणजे हे बदकाला म्हटलेलं आहे," मिसेस ट्रापानी म्हणाल्या.

"हो," वॅली म्हणाली. "मला माफ करा. माझा काही थट्टा करायचा..."

"केवढं होतं?"

"काय?"

"बदक. उन्हाळाभर मका म्हणजे चांगलं भरलं असेल."

वॅलीने दोन हात फाकवून दाखवलं. मिसेस ट्रापानींनी मान डोलावली. "कांदा मात्र चूक आहे. बदकात संत्रं घालतात. इतकी वर्षं मी ऐकतेय आणि मला वाटायचं, हा माणूस 'चुलीपाशी' का म्हणतोय? प्रेमात चूल कशाला? माझे यजमान म्हणायचे, गप बस, काव्य आहे." त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले, आणि मला समजेना की त्या हसताहेत की रडताहेत. "तुम्हाला भेटून फार बरं वाटलं असतं त्यांना. बदकांशी तेही बोलायचे. मग पुढे काय होतं त्याचं?"

"दुसऱ्या अंकात स्वयंपाकिणीला दया येते. ती दार उघडं ठेवते."

"आणि बारा पाहुणे?"

"बटाटे खातात."

"मूर्ख बाई," मिसेस ट्रापानी म्हणाल्या, प्रेमाने. "आणि ते खरं बदक? नाटकातलं?"

"लाँग आयलंडला शेतावर परत गेलं. कॉननेच पोचवलं."

मिसेस ट्रापानींनी कॉनकडे बघितलं. धंद्यातल्या माणसाची नजर होती ती. कॉन छताकडे बघू लागला. त्यांनी काही विचारलं नाही, देव त्यांचं भलं करो.

त्यानंतर डारोची रेकॉर्ड लागलीच, कारण नाच तर व्हायचा होता आणि बदकाच्या चालीवर काही नाचता येत नाही. टिली आणि सिल्विओ गोल फिरत होते. वॅली माझ्याजवळ येऊन उभी राहिली, हातात बटाट्याच्या सॅलडची बशी.

"गातो बरं का हा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याबद्दल मनापासून बरं बोलली होती.

"श्वास जास्त घेतो, पण गातो. बिचाऱ्याला बदक दिलं नाही कोणी."

संध्याकाळ व्हायच्या आत जोडपं निघालं. ट्रापानींची दुकानाची गाडी पायऱ्यांशी उभी होती, मागे फिती बांधलेल्या, आत अजून पिसांचा वास. हॉलचं दार जड आहे, आपोआप मिटतं. कोणीतरी धरून ठेवावं लागतं. वॅली आधीच तिथे जाऊन पाठीने ते रेटून उभी होती. टिली झगा गोळा करत तिच्या समोरून गेली, पायरीवर थांबली, आणि मागे वळून, हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं, एकदा ओरडली.

"जा आता," वॅली म्हणाली. "वारा आत येतोय."

गाडी दहाव्या अव्हेन्यूकडे वळेपर्यंत तिने दार सोडलं नाही. सगळं वऱ्हाड कुडकुडत उभं राहिलं. मी तिच्या खांद्यावर माझी शाल टाकली आणि घरी येऊन टब घासायला घेतला. उगीचच. बरेच दिवस तो घासायचा राहिला होता.